मंगळवार-गुरुवारचा तास

सुनंदा,

रविवारी अविनाश आला होता. तुझ्या आजारपणात मी पाठवलेले डबे त्यानं घासून-पुसून परत आणले. रिकामा डबा परत करायचा नाही एवढं तुझं त्याच्या लक्षात राहिलेलं, म्हणून प्रत्येकात थोडी साखर घातलेली. दुखवट्याच्या घरातून साखर द्यावी की नाही हे त्याला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. असलं काही विचारायचं असलं की आम्ही तुला फोन करायचो.

चहा होईपर्यंत तो खिडकीपाशी उभा राहून खालच्या ट्रामकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मेधा, खरं सांग. तू तिला सारखी म्हणायचीस, लेक्चरला जाऊ नको, घरी बसून बघ. मी अडवायला पाहिजे होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तयार होतं. तुला तर ते पाठ होतं. पण बायको जाऊन महिनाही न झालेला माणूस समोर उभा राहून विचारतोय म्हटल्यावर ते तोंडातून निघेना. म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसले आहे. त्याला काय म्हणाले ते सांगतेच, पण आधी आपलं भांडण पुरं होऊ दे. तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस.

माझं म्हणणं साधं होतं, आणि तू ते कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीस. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तुझे डायलिसिसला दिलेले. त्या खुर्चीतून उठलेलं माणूस घरी येऊन कसं पडतं ते मी पाहिलं आहे, तुला धरून जिना चढवला आहे. मग उरलेल्या दिवसांत विश्रांती घ्यायची की नाही? तू काय करायचीस, तर मंगळवारी आणि गुरुवारी कानाला स्कार्फ बांधून एक नंबरची ट्राम पकडायचीस आणि रायस्वाइकहून डेल्फ्टला विद्यापीठात जायचीस. तिथं विशी-बाविशीच्या पोरांमध्ये बसून नद्यांवरचं लेक्चर ऐकायचीस. ना तुझी परीक्षा, ना तुला पदवी मिळायची. आणि ज्या लेक्चरसाठी एवढा खटाटोप, ते संध्याकाळपर्यंत इंटरनेटवर आलेलं असायचं. सोफ्यावर पाय वर घेऊन बघता आलं असतं. हवं तिथं थांबवता आलं असतं, कळलं नाही तर पुन्हा ऐकता आलं असतं. यात मी चुकीचं काय म्हणत होते?

तू म्हणायचीस, "तुला नाही कळायचं बाई. तू कॉलेजात गेलेली."

कॉलेजात गेलेली! मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं ते बहुतेक कँटीनमध्ये बसून. पंच्याहत्तर टक्के हजेरीची सक्ती होती, म्हणून आम्ही मैत्रिणींनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. जिची पाळी असेल तिनं वर्गात बसायचं आणि आवाज बदलून बाकीच्यांचं 'येस सर' म्हणायचं. सरांना ते कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे आम्हालाही कळत होतं. परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्स काढलेल्या नोट्स वाचून मी पास झाले, नोकरी लागली, लग्न करून इथं नेदरलँड्सला आले आणि आज द हेगच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. बरी तपासते. लेक्चर ऐकलं नाही म्हणून माझं कधी काही अडलं नाही. हे सगळं मी तुला ठणकावून सांगायची आणि तू हसून विचारायचीस, "कँटीन कुणाचं होतं? कॉलेजाचंच की."

तुझं शिक्षण टपालानं झालं. हे शब्द तुझेच. कृष्णेकाठच्या तुझ्या गावापासून कॉलेज लांब, एसटीचा भरवसा नाही, घरात आई अंथरुणाला खिळलेली. मग बारावीनंतर तू बहिःस्थ म्हणून नाव घातलंस आणि भूगोल घेऊन बी.ए. झालीस. गाईड आणायची, स्वयंपाक उरकला की वाचायची आणि वर्षातून एकदा तालुक्याला जाऊन पेपर लिहायचे. परीक्षेच्या वर्गात फळ्यावर आधी कुणीतरी शिकवलेलं अर्धवट पुसलेलं असायचं, आणि पेपर हातात येईपर्यंत तू ते वाचत बसायचीस. "कुणी शिकवलं असंल गं ते? आणि पोरं कशी बसली असतील?" असं तू मला विचारलं होतंस.

आपली ओळख झाली त्याच वर्षी हे सांगितलं होतंस. खेमेन्तेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, नव्यानं आलेल्यांसाठी डच शिकवायचा वर्ग काढला होता, तिथं आपण भेटलो. दोघी नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या, दोघींच्या हातात कोरी वही. मी महिनाभरात तो वर्ग सोडला, कारण ऑफिसात इंग्रजी चालतं. तू शेवटपर्यंत पहिल्या बाकावर बसलीस. मी तुला तेव्हाही म्हटलं होतं की कॉलेजात काही विशेष नसतं गं, झोप येते. तुला ते पटलं नव्हतं, आणि मी तो विषय तिथंच सोडून दिला होता.

तो पुन्हा निघाला माझ्याच घरी आणि काढला माझ्याच पोरीनं. ईशा डेल्फ्टला शिकायला लागली होती आणि दर शनिवारी पिशवीभर धुणं घेऊन घरी यायची. तुम्हा दोघांना मूल नाही, त्यामुळे तिची चौकशी करायचा हक्क तू पहिल्यापासून माझ्यापेक्षा जास्त बजावलास. जेवताना तू विचारलंस, "काय गं, सर कसे आहेत तुझे?"

"आय डोन्ट नो, मावशी. आय हॅव्हन्ट सीन हिम."

"म्हणजे?"

"कोणी जातच नाही. इट्स ऑल रेकॉर्डेड. मी रूमवर फास्ट करून बघते, ते सगळे इतके स्लो बोलतात."

"मग वर्गात कोण असतं?"

"थोडे लोक असतात. हॉल हाफ एम्प्टी. रस्त्यावरून कोणी येऊन बसलं तरी कळणार नाही."

तुझा घास हातातच राहिला. किडनीच्या पथ्यासाठी दोनदा उकळून पाणी काढलेल्या, पोटॅशियम गेलेल्या बटाट्याची ती बेचव भाजी तू एरवी मुकाट्यानं संपवायचीस, त्या दिवशी ताटातच राहिली. "कुणीही येऊन बसलं तरी?" म्हणालीस. "दाराशी विचारत नाहीत?" ईशाला वाटलं तू गंमत करते आहेस, मलाही तसंच वाटलं. हात धुतल्यावर तू पुन्हा विचारलंस. निघताना, बूट घालता घालता, आणखी एकदा.

पुढचं सगळं तू माझ्या नकळत केलंस. ईशाकडून वेळापत्रक काढून घेतलंस, त्यातला नद्यांचा विषय निवडलास आणि तिथल्या प्राध्यापकांना मेल लिहिलीस. तुला येऊन बसायची परवानगी हवी होती, तीही पाच ओळींची माफी मागून. अविनाशनं त्यातली इंग्रजी तपासली. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं की दार उघडंच असतं, या. तू ते मला फोनवर वाचून दाखवलंस तेव्हा मी ऑफिसात होते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "अगं, पण तुझी तब्येत!"

पहिल्या दिवशीची गोष्ट मात्र तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी तिथं होते असंच वाटतं. पावणेअकराला सर आत आले आणि तू उठून उभी राहिलीस. सवयीनं. शाळेत बाई आल्या की उभं राहायचो तशी. सगळ्या हॉलमध्ये एकटी तू उभी, अंगात कोट, हातात पिशवी. सरांना वाटलं तुला काही विचारायचं आहे. त्यांनी "येस?" म्हटलं आणि तू म्हणालीस, "नथिंग सर, गुड मॉर्निंग." पोरं हसली. सर हसले नाहीत, त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि त्यानंतर दर तासाला आत आल्यावर आधी तुझ्या बाजूला बघून ते म्हणायला लागले. तिथं सगळे त्यांना नावानं हाक मारतात, तुलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. तुला काही ते जमलं नाही. "सरांना अरे-तुरे कसं करायचं गं?" म्हणून तू त्यांना शेवटपर्यंत सरच म्हणालीस.

मी तुझ्यावर खूप उपाय केले. टॅब्लेटवर सगळी लेक्चर्स उतरवून घेतली, नवे इअरफोन आणले आणि डायलिसिसच्या वेळी बघायला तुझ्या हातात दिली. माझ्या मते यापेक्षा सोयीचं काही असूच शकत नव्हतं. तसंही खुर्चीत पडूनच राहायचं, तेवढ्यात लेक्चर होऊन जाईल, मंगळवार-गुरुवार विश्रांतीला मोकळे. तू आठवडाभर प्रयत्न केलास आणि टॅब्लेट परत आणून दिलास.

"झोप येते," म्हणालीस.

"तुलाच?"

"यात सर माझ्याकडं बघत नाहीत."

"तिथं तरी बघतात का? एवढ्या पोरांमधून?"

"एवढी कुठं? मोजकीच तर असतात. बघतात की."

मी अविनाशला गाठलं. त्याला म्हटलं, तू नवरा आहेस, जरा दम दे. तो म्हणाला, "जाऊन आली की दमलेली असते, पण बोलत असते. डायलिसिसहून आली की नुसती दमलेली असते." तेव्हा मला त्याचा राग आला होता. बायकोला नाही म्हणता येत नाही म्हणून पळवाटा काढतोय असं वाटलं होतं.

आणि बोलत असायचीस हे खरं. मंगळवारी संध्याकाळी मी भाजी चिरायला घेतली की तुझा फोन यायचा. मी स्पीकरवर टाकून कामाला लागायची आणि तू त्या दिवशीचा तास मला पुन्हा शिकवायचीस. नदी वळणावर एका काठाला खाते आणि दुसऱ्या काठाला आणून ठेवते. समुद्राला मिळताना ती हळू होते आणि हातातलं सगळं टाकून देते. हा आपण राहतो तो सगळा देश म्हणजे नद्यांनी टाकलेला गाळ आहे. मी "हं, हं" करत असायची. माझं निम्मं लक्ष कांद्यात. पण आता मंगळवारी भाजी चिरताना घर फार शांत असतं. मी रेडिओ लावून बघितला, तो बंद केला. ते तास मला हवे होते, सुनंदा, हे मी तुला कधी बोलले नाही. तुला वाटलं असतं मी हरले, आणि तू आठवडाभर चिडवलं असतंस.

आपलं शेवटचं भांडण जानेवारीतलं. फ्लूची साथ जोरात होती. डायलिसिसच्या वॉर्डातल्या नर्सनं सगळ्यांनाच बजावलं होतं की शक्यतो गर्दीत जाऊ नका. किडनी मिळण्याच्या यादीत तुझं नाव होतं, नेमकी ती मिळायची आणि तुला ताप असायचा, असं नको व्हायला. मी ऑफिसातून तुला फोन केला. या वेळी मी ओरडलेच. "परीक्षा नाही, पदवी नाही, मग एवढी मरमर कशासाठी?"

तू शांतपणे म्हणालीस, "परीक्षा असती तर गेलेच नसते. गाईड आणून पास झाले असते. ते मला येतं."

तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली आणि मी "रात्री बोलू" म्हटलं. रात्री आपण बोललो, पण कशाबद्दल तर माझ्या भाचीच्या साखरपुड्याबद्दल. पुढचे दोन-तीन आठवडे तू जात राहिलीस, आपल्यात तो विषय पुन्हा निघाला नाही आणि त्यानंतर तुला खोकला सुरू झाला. आधी साधा, मग ताप, मग न्यूमोनिया. सगळं आठवड्याच्या आत. मी हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू काहीतरी म्हणालीस, ते मला कळलं नाही. मी "हो हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं देव जाणे.

संसर्ग कुठून झाला असेल असं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. ट्राममधून, दुकानातून, वॉर्डातल्याच कुणाकडून, नवऱ्याच्या ऑफिसातून, कुठूनही. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, पण जरा हळू आवाजात. मला त्या माणसाकडून काय हवं होतं? त्यानं "लेक्चरमधून" म्हटलं असतं तर मी जिंकले असते. असलं जिंकणं घेऊन मी कुठं गेले असते?

एक गोष्ट मला फार लागली. तिथं हजेरी घेत नाहीत. म्हणजे तू आता येणार नाहीस हे त्या हॉलमध्ये कुणी वाचून दाखवणार नाही आणि कुणी मान वर करून बघणार नाही. आमच्या पुण्याच्या कॉलेजात निदान नाव तरी पुकारलं असतं. मी ईशाला म्हटलं तर ती म्हणाली, "आई, मी सांगितलं सरांना. मी गेले होते त्यांच्या रूमवर." माझ्या पोरीनं मला न विचारता केलेलं हे पहिलं काम, ज्याचा मला राग आला नाही. ऐकून सर खुर्चीवर बसले म्हणे. बाकी ईशा अजूनही लेक्चरला जात नाही. तुझ्यामुळे ती सुधारली वगैरे असं काही झालेलं नाही, तसं मनात आणू नकोस. ती अजूनही फास्ट करूनच बघते आणि तिला मार्क चांगले पडतात.

तर रविवार. अविनाश खिडकीशी उभा आणि त्याचा प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात तसाच पडलेला. मी चहाचे कप टेबलावर ठेवले, लॅपटॉप उघडला आणि त्याला म्हटलं, "बस इथं. तुला काहीतरी दाखवायचंय."

नोव्हेंबरमधलं एक लेक्चर मी शोधून काढलं. तुला आठवतं ना, आदल्या दिवशीचं डायलिसिस तुला बाधलं होतं आणि उभी राहिलीस की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी जाणारच म्हणालीस, म्हणून मी सुट्टी टाकून तुझ्याबरोबर आले होते. रस्ताभर तुझ्याशी बोलले नव्हते. अविनाशनं तुला तिथं बसलेली कधी पाहिलंच नव्हतं. त्याला माहीत होती ती ट्रामला जाणारी सुनंदा आणि दमून परत येणारी सुनंदा.

कॅमेरा नुसता सरांवर असतो. मागे पडदा, पडद्यावर नदीचं चित्र, दोन्ही बाजूंना बांध. त्यांनी सांगितलं की इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी नद्यांना बांध घातले आणि पुराचं पाणी शेतात यायचं बंद केलं. मग ते बोलायचे थांबले. डाव्या बाजूला वळून, मान जरा कलती करून, तसेच उभे राहिले. काही आवाज नाही.

अविनाश थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अडकलं वाटतं. नेट गेलं का?"

"अडकलं नाही," मी म्हटलं. "सुनंदा बोलतेय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला समजावलं की माइक फक्त सरांच्या शर्टाला असतो, हॉलमध्ये कुणी काही बोललं तर ते यात येत नाही. घरी बसून बघणाऱ्याला इथं नुसती शांतता दिसते, आणि ईशासारखी पोरं ती पुढे ढकलून देतात. मी तिथं होते म्हणून मला माहीत आहे. मी ते मागे घेतलं, पुन्हा लावलं आणि सर थांबले तशी मी बोलायला लागले.

तू हात वर केला होतास, डायलिसिसच्या सुया टोचायचा फिस्तुला असलेलाच हात, बाही वर सरकलेली. तुझी इंग्रजी पहिल्या वाक्यात अडखळली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग ती सुधरली. तू म्हणालीस, सर, माझ्या गावात पूर ओसरला की नदी काठच्या शेतात, मळीत, गाळ टाकून जाते. त्या गाळात वांगी लावतात. ती भाजली की वासावरून कळतं की ही मळीची. तुम्ही नदी बांधाच्या आत ठेवली, तिचा गाळ शेतात यायचा थांबला. मग इथल्या भाजीची चव बदलली असेल ना? आधीची चव कशी होती ते कुणाला ठाऊक आहे का?

लॅपटॉपवर सर हसले. "का हसतायत ते?" अविनाशनं विचारलं. मी सांगितलं की वांग्याला 'ब्रिंजल' म्हटलंस ते त्यांना कळलं नाही, म्हणून तू हवेत हातानं वांगं काढून दाखवलंस, देठासकट. मग सर म्हणाले, हे ऐकू आलं, की हा प्रश्न त्यांना आजपर्यंत कुणी विचारलेला नाही आणि आधीची चव आठवणारं कुणी उरलेलं नाही. पण त्यांची आजी म्हणायची की चिकणमातीतला बटाटा वेगळा लागतो आणि वाळूतला वेगळा. पुन्हा शांतता, सर उजवीकडे वळले. तिथं मागच्या रांगेतला एक मुलगा बोलत होता, त्याच्याही घरी हेच म्हणतात म्हणून. मग आणखी एक मुलगी. सरांनी पडदा सोडून दिला आणि टेबलाच्या कडेला बसले. त्या दिवशीचं चित्रांचं लेक्चर काही पुरं झालं नाही. लॅपटॉपमागं डोकी घातलेली पोरं वर बघायला लागली होती. आणि तू, जिला उभं राहिलं की अंधारी येत होती ती, खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, प्रत्येक बोलणाऱ्याकडे वळून बघत होतीस. तुझा तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या घरी नाही, तुझ्या घरी नाही.

हे मी अविनाशला सगळं सांगितलं. शब्द मागेपुढे झाले असतील.

त्यानं विचारलं, "कुठं बसली होती?"

मी त्याला टेबलावर दाखवलं. हा लॅपटॉप म्हणजे सर. इथून रांगा. ही दुसरी रांग, ही कडेची खुर्ची, लगेच बाहेर पडता यावं म्हणून. त्या जागी त्याचा चहाचा कप होता. त्यानं तो उचलला आणि हातातच धरून ठेवला.

मग त्यानं ते पुन्हा मागे घेतलं. सर थांबले, मान कलती केली. या वेळी मी काही बोलले नाही. त्यानं ती शांतता पुरी ऐकली. मग लॅपटॉप हळूच मिटला, चहा गार झालेला होता तो तसाच प्यायला. त्यानं आपला प्रश्न काही पुन्हा विचारला नाही.

मीच म्हटलं, "अविनाश, तू अडवलं नाहीस ते बरोबर केलंस."

त्याला बरं वाटावं म्हणून नाही म्हणाले, सुनंदा. मी कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही, हे त्यालाही माहीत आहे. म्हणूनच त्यानं ते मला विचारलं असणार. तो तिथंच, माझ्या टेबलाशी, पहिल्यांदा रडला.